वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी देवनागरी फॉन्ट: कामाच्या नोंदी

३ जून २०२४

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाची नवी मांडणी करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. स्थळावर तीन गोष्टी आहेत: ग्रंथसूची, वाचनालयाच्या त्रैमासिकातील जुने-नवे लेख आणि सभासदांसाठी सूचना. कार्यकारी मंडळाने एकूण १५,००० रुपये मंजूर केले असून त्यात फॉन्ट, मजकुराची दुरुस्ती आणि चाचणी हे सारे बसवायचे आहे. बाजारातील एका चांगल्या देवनागरी फॉन्टच्या वेब-परवान्याची चौकशी केली, तेव्हा त्यातच निम्मी रक्कम संपेल असे दिसले. त्यामुळे ओपन फॉन्ट लायसन्स या विनाशुल्क वापराच्या खुल्या परवान्याखाली मिळणाऱ्या फॉन्टांतूनच निवड करायची, एवढे पहिल्याच दिवशी ठरले.

मांडणीसाठी घेतलेला तयार साचा दिसायला नेटका आहे, पण तो रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला आहे. त्यात नुसता फॉन्ट बदलून मराठी मजकूर ओतला, तर मेनूतील शब्दांची शिरोरेषा अक्षरागणिक तुटते, शीर्षकांच्या ओळी एकमेकींत घुसतात आणि बटणांवरील वेलांट्या वरून कापल्या जातात. हे दोष फॉन्टचे किती आणि साच्याचे किती, हे वेगळे करून पाहिल्याखेरीज फॉन्टविषयी मत बनवण्यात अर्थ नाही.

७ जून

फॉन्ट निवडण्याआधी चाचणीचा मजकूर तयार केला. फॉन्टांच्या नमुनापानांवरची वाक्ये सोज्ज्वळ असतात. त्यांत ‘वाङ्मय’ येत नाही आणि ‘क्लृप्ती’ही येत नाही. म्हणून आमच्याच त्रैमासिकातून अडचणीचे शब्द वेचले: उद्धृत, द्वंद्व, बुद्ध्यांक, राष्ट्र, हृदय, वाङ्मय, क्लृप्ती, ज्ञानेंद्रियांना, किंकर्तव्यमूढ, ऱ्हस्व, वाऱ्यावर, तऱ्हेवाईक, प्रश्न, श्लोक, निश्चल, शिल्लक, मल्लखांब, ॲडव्होकेट, ऑक्टोबर. त्यांना एक लांब परिच्छेद, एक कविता, ग्रंथसूचीतील दहा नोंदी आणि ‘वार्षिक वर्गणी ₹३००’ अशा ओळी जोडल्या. हा सारा मजकूर एकाच पानावर ठेवला आणि प्रत्येक फॉन्ट त्याच पानावर लावून पाहायचा, असा नियम केला.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. ‘वाङ्मय’ हा शब्द अनेक लेखांत मुळातच ‘ड्’ घालून टंकलेला आहे. तेथे अक्षर चुकीचे दिसते म्हणून फॉन्टला दोष देता येणार नाही. अशा शब्दांची यादी मुद्रितशोधनाकडे दिली.

१२ जून

निवडीसाठी पाच फॉन्ट पुढे होते: ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू २’, शिवाय मार्टेल, नोटो सान्स देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी. पाचही कोणत्याही शुल्काविना वापरता येतात.

वाचनालयात जुन्या छापील पुस्तकांचे एक कपाट आहे. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींनी मुंबईत नावारूपाला आणलेल्या निर्णयसागर छापखान्याची काही पुस्तकेही त्यात आहेत. फॉन्ट पाहण्याआधी मी ती उघडून बसलो. खिळ्यांनी छापलेल्या त्या अक्षरांत जाड-बारीक रेषांचा फरक ठळक आहे, अक्षरांची पोटे मोकळी आहेत आणि ‘अ’, ‘ण’, ‘झ’ ही अक्षरे ज्याला मुंबई वळण म्हणतात त्या वळणाची आहेत. आमचे बहुतेक सभासद साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांचे डोळे याच अक्षरावर घडलेले आहेत. त्यामुळे त्या परंपरेच्या जवळचा टिरो देवनागरी मराठी मनात प्रथम भरला. टिरो टाइपवर्क्स या संस्थेने देवनागरीचे तीन स्वतंत्र फॉन्ट काढले आहेत, हिंदी, मराठी आणि संस्कृत, आणि त्यांतील मराठीच्या फॉन्टमध्ये आपल्याकडे रूढ असलेली अक्षररूपे मुळातच बसवलेली आहेत.

परंतु हाच फॉन्ट लेखाच्या मजकुराला लावून तो स्वस्त फोनवर पाहिला, तेव्हा बारीक रेषा पुसट झाल्या. कागदावर शाई थोडी पसरते आणि बारीक रेषेला आधार मिळतो. कमी प्रतीच्या पडद्यावर तसे घडत नाही. मोठ्या आकारात मात्र तोच फॉन्ट देखणा दिसतो. म्हणून शीर्षकांसाठी टिरो ठेवावा आणि मजकुरासाठी एकसारख्या जाडीच्या रेषांचा फॉन्ट शोधावा, असे ठरवले.

बलू २ गुबगुबीत आणि लोभस आहे. बालविभागाच्या फलकाला तो शोभेल. दहा पानांचा लेख मात्र त्यात वाचवणार नाही. मार्टेलचे अक्षर भारदस्त असले तरी सूचीतील लहान आकारात ते दाटीवाटीचे वाटले. खरी स्पर्धा मुक्त आणि नोटो यांच्यात झाली. व्यक्तिशः मला मुक्तचे अक्षर अधिक जिवंत वाटते. नोटो त्यामानाने बेचव आहे, पण त्याच्या बाजूने दोन व्यावहारिक कारणे होती. एक म्हणजे तो परिवर्ती जाडीच्या एकाच फाईलमध्ये मिळतो, त्यामुळे नेहमीचा आणि ठळक अशा दोन फाईली पाठवाव्या लागत नाहीत. दुसरे म्हणजे बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीसाठी नोटोच असतो. आमची फाईल उतरेपर्यंत वाचकाला जे अक्षर दिसते ते जवळपास तेच राहते आणि फॉन्ट आला की सगळा मजकूर खाली-वर उडी मारत नाही. आमचे वाचक बहुतांशी फोनवरूनच येतात. कारणे रसिकतेची नाहीत, हे मान्य. पण नोटो घेतला.

१९ जून

आजचा आणि कालचा दिवस ‘ल’ आणि ‘श’ यांनी खाल्ला. ही नोंद सविस्तर लिहितो, कारण मराठी स्थळ बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे भोगावे लागते.

मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त लिहिण्याची रीत आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयातही हीच रूपे प्रमाण मानली आहेत. हिंदी छपाईत या दोन्ही अक्षरांची वेगळी रूपे रूढ आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, मात्र दोन्ही भाषांसाठी ‘ल’ एकच आणि ‘श’ही एकच. कोणते रूप दाखवायचे हे फॉन्टने ठरवायचे असते आणि त्यासाठी मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे त्याला आधी कळावे लागते. नोटो सान्स देवनागरीत नेहमीची रूपे हिंदी धाटणीची आहेत. मराठी रूपेही त्यात आहेत, पण ती ‘लोकल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ओपनटाइप या फॉन्टरचनेतील एका वैशिष्ट्याच्या मागे झाकलेली आहेत. पानाची भाषा मराठी आहे असे ब्राउझरला सांगितले, तरच ती बाहेर येतात.

पहिला दोष साच्यातच सापडला. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत भाषेचा संकेत इंग्रजीचा, म्हणजे ‘ईएन’ असा होता. तयार साच्यांत तो तसाच असतो आणि मजकूर बदलणारा माणूस त्या ओळीकडे कधी पाहत नाही. संकेत ‘एमआर’ केला. माझ्या संगणकावर मूळ फॉन्टने लगेच मराठी रूपे दाखवली आणि काम संपले असे वाटले. स्थळावर चढवल्यावर मात्र पुन्हा हिंदी ‘ल’.

अर्धा दिवस साठवणीतल्या जुन्या फाईलींवर संशय घेण्यात गेला. ब्राउझरची साठवण पुसली, दुसऱ्या संगणकावरून पाहिले, सर्व्हरवरची फाईल पुन्हा चढवली. काही उपयोग झाला नाही. शेवटी दोन्ही फॉन्टफाईली उघडून आतील तक्ते शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कारण दिसले. स्थळासाठी फाईल लहान करायची म्हणून मी ती एका ऑनलाइन रूपांतरकातून काढली होती. त्या साधनाने जोडाक्षरे जुळवणारी वैशिष्ट्ये राखली होती, पण ‘लोकल’ हे अनावश्यक समजून छाटून टाकले होते. जोडाक्षरे व्यवस्थित दिसत असल्यामुळे फाईलमध्ये काही कमी आहे, अशी शंकाच आली नाही.

उपाय असा केला: फॉन्टटूल्स या पायथन संगणकभाषेतील मुक्त संचातील ‘पायएफटीसबसेट’ ही आज्ञा वापरून फाईल नव्याने छाटली आणि सगळी लेआउट वैशिष्ट्ये राखावीत, अशी स्पष्ट सूचना तिला दिली. अक्षरांच्या यादीत देवनागरीचा पूर्ण विभाग, म्हणजे ०९०० ते ०९७एफ हे युनिकोड क्रमांक, घेतला; त्याशिवाय रुपयाचे चिन्ह, एकेरी व दुहेरी अवतरणचिन्हे, लहान-मोठ्या संयोगरेषा, व्यंजन नसलेल्या मात्रेसोबत दिसणारे ठिपक्यांचे वर्तुळ आणि अक्षरांची जोडणी ठरवणारी २००सी व २००डी ही दोन अदृश्य चिन्हे घेतली. अदृश्य चिन्हे का घ्यायची, ते ४ जुलैच्या नोंदीत येईल. रुपयाचे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आले आणि ते देवनागरीच्या विभागात नाही. पहिल्या छाटणीत ते राहून गेले होते, त्यामुळे ‘₹३००’ मधील ‘₹’ कुठल्यातरी दुसऱ्याच फॉन्टमधून येत होता.

शीर्षकांच्या टिरोमध्ये हा घोळ झालाच नाही, कारण त्यात मराठी रूपे मुळातच आहेत. भाषेचा संकेत ज्यांच्या हाताबाहेर आहे, उदाहरणार्थ जे दुसऱ्याच्या मंचावर लिहितात आणि ज्यांना पानाची पहिली ओळ बदलता येत नाही, त्यांनी असाच फॉन्ट निवडणे शहाणपणाचे आहे.

२२ जून

ग्रंथसूचीत हिंदी पुस्तकांचाही विभाग आहे. १९ जूनच्या दुरुस्तीनंतर त्यांची नावेही मराठी ‘ल’ आणि ‘श’ घेऊन दिसू लागली. वाचायला काही अडत नाही, पण ग्रंथपालांना ते खटकले आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. सूचीत प्रत्येक पुस्तकाच्या भाषेचा रकाना आधीपासूनच होता. त्यावरून हिंदी नावांना ‘एचआय’ हा संकेत आपोआप लावून घेतला. तासाभराचे काम.

२८ जून

साच्यातील मांडणीच्या सूचना एकेक करून तपासल्या. फॉन्ट बदलण्यापेक्षा पानाचे रूप या कामानेच अधिक पालटले.

अक्षरांतील अंतर सर्वप्रथम काढले. साच्यात मेनू आणि लहान शीर्षकांना थोडे ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेले होते. रोमन मोठ्या लिपीतील शब्दांना त्याने ऐसपैसपणा येतो, पण देवनागरीत शिरोरेषा सलग असावी लागते आणि जरासे अंतर दिले तरी तिच्यात फटी पडतात. मोठ्या शीर्षकांना उलट उणे अंतर दिलेले होते, त्यामुळे काने एकमेकांवर चढत होते. दोन्ही शून्य केले. मेनू उठून दिसावा यासाठी आता जाडी आणि रंग वापरले आहेत.

ओळींमधील अंतराला अधिक वेळ लागला. साच्यात ते मजकुरासाठी अक्षराच्या दीडपट आणि शीर्षकांसाठी १.१ पट होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, मात्रा आणि अनुस्वार येतात. खाली उकार, ऋकार आणि उभ्या मांडणीची जोडाक्षरे येतात. वरच्या ओळीत ‘क्रूर’ आणि खालच्या ओळीत ‘विद्यार्थिनींनी’ असे शब्द एकाखाली एक आले की १.१ पटीत त्यांची टक्कर ठरलेली. मजकुरासाठी १.५, १.६५, १.७५ आणि १.९ असे आकडे लावून पाहिले. १.९ मध्ये ओळी सुट्या पडून परिच्छेद विस्कळीत वाटू लागला, १.७५ वर थांबलो. शीर्षकांसाठी १.४ ठेवले. सूचीच्या कोष्टकात १.६ चालले, कारण तेथे नोंदी बहुधा एकाच ओळीच्या आहेत.

बटणांची उंची साच्यात पिक्सेलमध्ये बांधलेली होती आणि बाहेर जाणारा भाग लपवण्याची सूचनाही होती. ‘नोंदणी’मधील वेलांटी त्यामुळेच कापली जात होती. बांधलेली उंची काढली आणि तिच्याऐवजी वर-खाली मोकळी जागा दिली.

ठळक आणि तिरप्या अक्षरांचे प्रकरण थोडे फसवे आहे. टिरो देवनागरी मराठी नेहमीच्या आणि तिरप्या रूपात मिळतो. त्याला ठळक रूप नाही. ब्राउझर मात्र शीर्षकांना आपणहून ठळक करतो आणि ठळक फाईल न मिळाल्यास असलेल्या रेषांनाच कृत्रिमरीत्या फुगवतो. ‘क्ष’, ‘ध’, ‘ष्ठ’ यांची पोटे त्याने बुजतात. प्रथम मला वाटले की टिरो मोठ्या आकारातही जडच दिसतो. नंतर उमगले की मी टिरो पाहतच नव्हतो. शीर्षकांची जाडी स्पष्टपणे ४००, म्हणजे नेहमीची, केली आणि कृत्रिम रूपे तयार न करण्याची ‘फॉन्ट-सिंथेसिस’ ही सूचना पूर्ण स्थळाला लावली. नोटोला तिरपे रूप नाही, म्हणून अवतरणांसाठी तिरप्या अक्षरांऐवजी डाव्या बाजूला उभी रेघ आणि थोडा आत सरकवलेला परिच्छेद ठेवला. पुस्तकांची नावे एकेरी अवतरणचिन्हांत घातली. मराठी छपाईची जुनी रीतही तीच आहे.

दुव्यांखालची रेघ उकारांना टाळत टाळत जाते आणि तिचे तुकडे होतात. ती अक्षरापासून थोडी खाली सरकवली, बारीक केली, आणि तुकडे जवळजवळ नाहीसे झाले. दोन्ही कडांना समास जुळवण्याची सूचनाही काढली, कारण मराठीतील लांब सामासिक शब्द फोनच्या अरुंद पडद्यावर ओळीत बसत नाहीत आणि शब्दांमध्ये भगदाडे पडतात.

४ जुलै

जुन्या मजकुराची पाळी. त्रैमासिकाचे जवळपास निम्मे लेख युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरसमूहाच्या शेवटी येतो. रूपांतर करणाऱ्या साधनाने बहुतेक मजकूर नीट आणला. रफार मात्र लांब जोडाक्षरांत भलतीकडे जाऊन बसला, तो मुद्रितशोधक बाईंनी हाताने दुरुस्त केला. त्यांच्या कामाचे ६,००० रुपये झाले आणि या प्रकल्पातील सर्वांत योग्य खर्च तोच आहे.

रूपांतरानंतर मजकूर ‘स्वच्छ’ करण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीने मात्र खरे नुकसान केले. तिच्यात अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची एक ओळ होती. जुन्या पद्धतीच्या टंकलेखनात ‘दऱ्या’ हा शब्द र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर आणि य असा लिहिलेला असतो. त्यातले ते अदृश्य चिन्ह काढले की शब्द ‘दर्या’ होतो. सह्याद्रीवरच्या एका लेखात सगळ्या दऱ्यांचे समुद्र झाले. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले आणि लग्नाच्या पंगतीचा प्रसंग भलताच धार्मिक झाला. शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला यात काही वावगे दिसत नाही, कारण बिघडलेला शब्दही मराठीच असतो. सुदैवाने रूपांतराची पहिली प्रत जपून ठेवलेली होती. तिच्यावरून सगळे लेख पुन्हा तयार केले.

नव्या आज्ञावलीत क्रम बदलला आहे. आधी र, हलन्त आणि जॉइनर ही मालिका जेथे दिसेल तेथे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त घातले जाते आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांकडे पाहिले जाते. याचा दुसरा लाभ असा की शोधपेटीत ‘दुसऱ्या’ टाकल्यावर पूर्वी निम्मेच निकाल मिळत होते, ते आता सगळे मिळतात. वाचक स्वतः शोधपेटीत जुन्या पद्धतीने टंकू शकतो, म्हणून तेथेही हेच रूपांतर लावले. फॉन्टच्या छाटणीत अदृश्य चिन्हे राखली ती याच कारणाने. सभासदांचे अभिप्राय कोणत्या कळफलकावरून येतील, हे आपल्या हातात नसते.

‘ॲ’ची गोष्ट वेगळी असली तरी दुखणे त्याच जातीचे आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीचा मजकूर ‘अ’ आणि चंद्र असे दोन संकेत जोडून लिहिलेला आहे आणि क्रोम व फायरफॉक्स अक्षरे जुळवण्यासाठी वापरतात ते हार्फबझ हे साधन त्या जोडीला चुकीची मानून मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखवते. काही टंकलेखकांनी तर ‘ऍ’ वापरले आहे. मराठी मजकुरापुरते दोन्ही ‘ॲ’मध्ये बदलले. हिंदी नावांना हात लावला नाही.

११ जुलै

रोमन अक्षरे. सूचीत इंग्रजी पुस्तकांची नावे आणि आयएसबीएन क्रमांक आहेत. एकाच आकारात देवनागरीशेजारी रोमन मोठे दिसते. त्यासाठी रोमन भागाची वेगळी फॉन्टफाईल घोषित केली, ती फक्त रोमन अक्षरांनाच लागावी अशी ‘युनिकोड-रेंज’ दिली आणि ‘साइझ-ॲडजस्ट’ने तिचा आकार ९२ टक्के केला. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये १७ व्या आवृत्तीआधी ही सूचना लागू होत नाही. तेथे रोमन थोडे मोठे दिसेल, त्यावर काही केले नाही. मजकुरातील आकडे देवनागरी आणि आयएसबीएन रोमन आकड्यांत, हा ग्रंथपालांचा निर्णय.

१६ जुलै

वेग. मुख्य प्रश्न असा होता की फॉन्ट गूगल फॉन्ट्सच्या सर्व्हरवरून घ्यावेत की स्वतःच्या. पूर्वी असा युक्तिवाद करत असत की वाचकाने दुसऱ्या एखाद्या स्थळावर तोच फॉन्ट उतरवला असेल, तर आपल्याकडे तो पुन्हा उतरवावा लागत नाही. क्रोमने २०२० पासून प्रत्येक स्थळाची साठवण वेगळी केली आहे, त्यामुळे तो लाभ आता उरलेला नाही. फाईली आमच्याच सर्व्हरवर ठेवल्या. वॉफ२ या वेबसाठीच्या संक्षिप्त फॉन्टरूपात आणि छाटणीनंतर त्यांचे वजन मूळ फाईलींच्या निम्म्याहून खाली आले.

टिरो फक्त शीर्षकांसाठी असल्यामुळे त्याची आणखी छाटणी करून केवळ शीर्षकांत येणारीच अक्षरे ठेवावीत, असा मोह झाला होता. तो आवरला. पुढच्या अंकात कोणते शीर्षक येईल हे कोणाला ठाऊक? एका शब्दात एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून आले, तर जोडाक्षर तेथेच तुटते.

फॉन्ट येईपर्यंत उपलब्ध फॉन्टमध्ये मजकूर दाखवावा, ही ‘स्वॅप’ची सूचना दिली. जुन्या विंडोज संगणकांवर तोपर्यंत रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला मंगल दिसतो, नव्यांवर निर्मला यूआय आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरी. यांतील प्रत्येकाची उंची-रुंदी निराळी आहे, म्हणून संगणकावर आणि आयफोनवर मजकूर अजूनही किंचित हलतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर तो हलत नाही, आणि मला तेवढे पुरेसे आहे.

२४ जुलै

वाचनालयाच्या वाचनकक्षात सभासदांना स्थळ प्रत्यक्ष वापरायला दिले. त्यासाठी कमी प्रतीच्या पडद्याचा एक वापरलेला फोन २,८०० रुपयांना घेतला होता. बहुतेक दोष त्याच्यावरच दिसले.

मजकुराचा आकार १७ पिक्सेल होता. दोन ज्येष्ठ सभासदांनी काही न बोलता फोन दूर धरला, मग जवळ धरला, आणि तेवढ्यावरून निर्णय झाला: १९. ‘मजकूर मोठा करा’ असे बटण साच्यात होते, ते कोणालाही सापडले नाही. साच्यातील मजकुराचा फिकट करडा रंगही गडद केला.

शोधाच्या निकालांत सापडलेला भाग ठळक दाखवण्याची सोय होती. ‘शाळ’ असे शोधले की ‘शाळेत’मधील पहिली दोन अक्षरे ठळक होत आणि मात्रा मागे राहून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसे, कारण ठळक भाग वेगळ्या घटकात गेल्यावर मात्रेला तिचे व्यंजन मिळत नाही. आता सापडलेला पूर्ण शब्द ठळक होतो. लेखाचे पहिले अक्षर मोठे दाखवण्याची सूचनाही याच घराण्यातली. ‘क्षितिजापाशी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या लेखात अर्धा ‘क्’ मोठा झाला आणि ‘षि’ लहान राहिला. युनिकोडने जोडाक्षराला एक अखंड अक्षरसमूह मानण्याचा नियम २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आणला आहे, परंतु जुन्या ब्राउझरांवर विसंबता येत नाही. मोठे पहिले अक्षर काढूनच टाकले. लेखांचा सारांश ठरावीक संख्येच्या अक्षरसंकेतांनंतर कापणारी ओळही बदलली. ती ‘विद्यार्थी’ला ‘विद्’वर आणून सोडत होती. आता ती शब्दाच्या शेवटीच थांबते.

२ ऑगस्ट

स्थळ सुरू झाले. हिशेब असा: मुद्रितशोधन ६,०००, फोन २,८००, फॉन्ट शून्य, बाकी ६,२०० रुपये मंडळाकडे परत. त्यातून पुढच्या टप्प्यात उरलेल्या जुन्या अंकांचे मुद्रितशोधन करून घ्यावे, असे पत्र कार्यवाहांना दिले आहे.

एक काम अपुरे आहे. वर्गणीच्या पावत्या पीडीएफ स्वरूपात तयार करणारी आज्ञावली देवनागरीची जुळणी करत नाही. फॉन्ट तोच दिला तरी ती अक्षरे नुसती साठवणीच्या क्रमाने मांडते, त्यामुळे ‘वार्षिक’मध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘ष’च्या मागे लागते आणि रफाराऐवजी हलन्त ‘र्’ दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. हार्फबझसारखे जुळणी करणारे साधन त्या आज्ञावलीला जोडावे लागेल. तोपर्यंत पावतीचे पान ब्राउझरमध्येच उघडून तेथून छापायचे, असे ग्रंथपालांशी बोलून ठरवले आहे. ब्राउझर जुळणी नीट करतो, फक्त छापताना पानाच्या डोक्यावरची तारीख आणि पत्ता छपाईच्या पर्यायांत जाऊन बंद करावा लागतो.